खारीच्या वर्गणीतले ११,४०० रुपये उरलेत. काय करू?

काऊचं घर

मंडळी, सल्ला हवाय. आधी हकीकत, मग प्रश्न. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पुण्यात धायरीला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बेकरी आहे. तिच्या पायरीशी राहणारी एक गावठी कुत्री, तांबूस, किडकिडीत. बेकरीतल्या पोरांनी नाव ठेवलं खारी. श्रावणात एका रात्री टेम्पो मागे घेताना कुणीतरी तिला चाकाखाली घेतलं आणि निघून गेलं. सकाळी दूध आणायला गेले तर ही पायरीखाली, मागचा डावा पाय नुसता लोंबतोय. आवाज अजिबात नाही. विव्हळली असती तर बरं वाटलं असतं.

दोन ठिकाणी फोन केले. एक लागलाच नाही. दुसरीकडे सांगितलं, नोंद घेतली, गाडी संध्याकाळपर्यंत येईल. अकरा वाजता धीर संपला. दोन रिक्षावाले नाही म्हणाले, तिसरा म्हणाला, "चादर टाका आणि बसा ताई, धुतो मी नंतर." खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढला, मांडीचं हाड मोडून दोन तुकडे. प्लेट टाकावी लागेल, खर्च सांगितला, मी खुर्चीत बसले.

मग गल्लीच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक्स-रेचा फोटो टाकला. अपेक्षा होती चार-पाच हजारांची. चार दिवसांत ६३ जणांनी मिळून ४९,४०० दिले. सगळ्यात लहान रक्कम २० रुपये, बेकरीत पाव पोचवणाऱ्या मुलाची. खर्च असा: एक्स-रे आणि रक्ततपासणी ३,१००, ऑपरेशन २४,०००, औषधं-ड्रेसिंग ६,४००, नऊ दिवस दवाखान्यात राहण्याचे ३,१५०, रिक्षा १,३५०. एकूण ३८,०००.

पुढचे सहा आठवडे तिला हलू द्यायचं नव्हतं. आमच्या जिन्याखाली फळ्या लावून खोपटं केलं. टाके चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा कोन तिने पहिल्याच रात्री फोडला. मग सासूबाईंच्या गुडघ्यांच्या जुन्या एक्स-रे फिल्म काढल्या, दोन जोडून गोल वळवल्या, कडेला बँडेजची पट्टी शिवली म्हणजे मानेला कापणार नाही. तीन आठवडे ही बया सासूबाईंचे दोन्ही गुडघे गळ्यात घालून बसली होती. उजेडात बघितलं की हाडंसुद्धा दिसायची.

आता चालते. थोडी लंगडते, पण बिस्किटाच्या पुड्याचा आवाज आला की लंगडणं विसरते.

तर प्रश्न. ११,४०० उरलेत. नवरा म्हणतो, ज्याचे त्याला परत कर. बेकरीवाले काका म्हणतात, रोज दूध-पाव घाला गल्लीतल्या कुत्र्यांना. मैत्रीण म्हणते, एखाद्या संस्थेला देऊन मोकळी हो. सेक्रेटरींचं म्हणणं मी लिहीत नाही, त्यात सीसीटीव्ही येतो. तुम्ही काय कराल?

बोरकूट

आधी तुम्हाला आणि त्या रिक्षावाल्याला साष्टांग. संस्थेला द्या. ज्यांचं रोजचं काम आहे त्यांना.

टवाळ

सासूबाईंना विचारलं होतं का फिल्म कापायच्या आधी? की पुढच्या वेळी डॉक्टर म्हणणार, "जुने एक्स-रे आणलेत का?" आणि तुम्ही शिट्टी मारून खारीला बोलावणार?

काऊचं घर

@टवाळ, २०११ चे होते हो. गुडघे बदलून झालेत. त्याच म्हणाल्या, "घे, तेवढाच उपयोग."

निर्विकार

मी वेगळं बोलणार आहे, राग आला तर येऊ द्या.

४९ हजार एका कुत्रीच्या पायासाठी चार दिवसांत. याच गल्लीत कामवाल्या बाईच्या मुलाच्या फीसाठी ग्रुपवर मेसेज टाका आणि बघा किती अंगठे येतात नि किती पैसे. माझ्या वडिलांना मागच्या वर्षी सकाळी फिरताना कुत्रं चावलं. पोटरीचा लचका. पहिल्या सरकारी दवाखान्यात लस होती, पण जखमेत द्यायचं ते इम्युनोग्लोब्युलिन नव्हतं. दुसरीकडे पळवलं. शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस असे पाच दिवस पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला घेऊन रांगेत उभा राहिलोय मी. तेव्हा कुठल्या श्वानप्रेमीने विचारलं नाही की काका कसे आहेत.

उरलेले पैसे गल्लीतल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचण्यात घाला. पायाला प्लेट बसवून माझ्या वडिलांची पोटरी वाचत नाही.

गुलबकावली

झालं. "माणसं मरतायत आणि तुम्हाला कुत्र्यांचं पडलंय" हा प्रतिसाद चौथा की पाचवा येणार यावर मी मनात पैज लावली होती. माणसांना मदत करायला तुम्हाला कोणी अडवलंय का? दोन्ही करता येतं.

निर्विकार

वाचलंत का नीट? मी शेवटी काय करा ते सांगितलंय. पैज जिंकल्याबद्दल अभिनंदन.

ढोर डॉक्टर

निर्विकार यांच्याशी पोटरीच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. रेबीज झाल्यावर औषध नाही, माणूस जातोच. म्हणून चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. लोक दोन मिनिटांत उरकतात आणि वर हळद नाहीतर चुना फासतात, तो फासू नका. वडील आता बरे असतील अशी आशा.

मी पशुवैद्य आहे. वीस वर्षं झाली, पहिली बारा गाई-म्हशींत, आता शहरात. थोडं आतलं सांगतो.

काऊताई, चोवीस हजार हा आकडा बघून कुणी डोळे मोठे करील, पण प्लेट, स्क्रू, गॅसची भूल, मदतनीस आणि नंतरची काळजी धरली तर दवाखान्याने तुमच्याकडून फारसं कमावलेलं नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात केसपेपर नाममात्र पैशांत निघतो, डॉक्टरही चांगले असतात, पण बऱ्याच ठिकाणी एक्स-रे मशीनच नसतं, हाडाच्या ऑपरेशनची तर गोष्टच सोडा. १९६२ नंबरवर फोन केला की फिरतं पथक येतं, ते मुख्यतः गुराढोरांसाठी. गोठ्यात अडलेली म्हैस सोडून ते धायरीच्या कुत्रीकडे येणार नाहीत, आणि येऊही नये.

आता माझ्या पाहण्यातली गोष्ट. ऑपरेशनला पैसे जमतात. फोटो असतो, रक्त असतं, लोकांचं काळीज हलतं. जमत नाही ती जागा. पाय जोडून दिला तरी सहा आठवडे त्या कुत्र्याला ठेवायचं कुठे? संस्थांचे पिंजरे कायम भरलेले. तिसऱ्या दिवशी रस्त्यावर सोडलं की प्लेट वाकते, स्क्रू निघतो, पू होतो आणि तेच कुत्रं महिन्याने पाय कापायला माझ्याकडे येतं. तुमच्या जिन्याखालच्या खोपटाची किंमत तुम्ही हिशेबात धरलेली नाही. चोवीस हजारांचं काम त्या फळ्यांनी वाचवलं.

दुसरं, उचलताना. मोडका पाय धरून ओढू नका. पोतं किंवा चादर अंगाखाली सरकवा, दोघांनी चार कोपरे धरा. तोंडाला आधी बँडेजची पट्टी गुंडाळून मानेमागे गाठ मारा, कितीही ओळखीचं असलं तरी. दुखत असलं की मायेनं वाढवलेलंही चावतं. श्वास लागला असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र तोंड बांधू नका. आणि घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात.

उसाचं पाचट

डॉक्टरसाहेब, आमच्याकडे सांगली भागात पैसे पण नाहीत आणि जागा भरपूर, उलटा प्रकार. 😄

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बैलगाड्यांमागे कुत्री येतात. उन्हाळ्यात टोळ्या परत जातात, एखादं दुसरं मागे राहतं. कधी पिल्लं टाकून जातात, ती बिचारी तरी काय करणार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसांनाच जागा नसते. मागच्या साली असंच एक राहिलं. मानेला जखम, त्यात अळ्या. वास असा की शेजारचा शेतकरी म्हणाला, मारून टाका, पुण्य लागेल. आमच्या वडिलांनी सीताफळाचा पाला ठेचून रस पिळला, जखमेत ओतला. अर्ध्या तासात अळ्या बाहेर पडायला लागल्या, आम्ही चिमट्याने काढत बसलो. मोजल्या नाहीत, पण नारळाची करवंटी भरली. मग तालुक्याच्या दवाखान्यातून फवारा आणला. खर्च सगळा मिळून दीडशे रुपये.

आता ते कुत्रं आमच्या द्राक्षबागेत राहतं आणि पहिल्यांदा चावलं कुणाला, तर त्या मारून टाका म्हणणाऱ्यालाच. 🙏 (लस टोचली होती, काळजी नसावी.)

ढोर डॉक्टर

सीताफळाचा पाला मी बारा वर्षांत बऱ्याच गोठ्यांत पाहिलाय, अळ्या मरतात. पण डोळ्याजवळ नको, डोळ्याला फार झोंबतो. आणि अळ्या मेल्या म्हणजे जखम बरी झाली असं नाही. खोल शिरलेल्या राहतात. रोज उघडून बघायचं, सलाइनने धुवायचं. पावसाळ्यात कुत्र्याच्या अंगावर साधं खरचटलं तरी माशी बसू देऊ नका, दोन दिवसांत करवंटी भरते.

निर्विकार

वडील बरे आहेत. चालताना काठी घेतात, पायासाठी नाही, कुत्र्यांसाठी. धन्यवाद.

परळकर

अवांतर, पण राहवत नाही. आमच्या चाळीसमोर बैलघोडा. बाहेरच्यांसाठी: परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं इस्पितळ. सर दिनशा पेटिटांनी देणगी दिली आणि पत्नीचं नाव लागलं. पण टॅक्सीवाल्याला साकरबाई सांगितलं तर तो तुम्हाला साखर कुठे मिळेल ते विचारेल. बैलघोडा म्हणा, झोपेत आणून सोडेल. ज्या संस्थेचं ते आहे ती १८७४ साली स्थापन झाली, नावाप्रमाणे तेव्हा पेशंट बैल आणि घोडेच. लहानपणी आम्ही फाटकाशी उभं राहून कोण कोण येतंय बघायचो. बकरी, पोपट, एकदा माकड. आता निम्म्याहून जास्त कुत्री-मांजरं.

आणि श्वानप्रेम हे आजकालच्या लोकांचं फॅड आहे म्हणणाऱ्यांसाठी: १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा मुंबईच्या फोर्टात पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद, दंगल झाली. पारशी धर्मात कुत्र्याला मान, मृताला कुत्रा दाखवायचा विधी असतो त्यांच्यात. इंग्रजांना पाव मिळेना झाला. म्हणजे बेकरी आणि कुत्री यांचं नातं धायरीत सुरू झालेलं नाही.

टवाळ

मराठीत त्याहून जुनं आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले ते नामदेव. आज धावले असते तर मागून सेक्रेटरी नोटीस घेऊन धावला असता.

गुलबकावली

आणि तुपाने कुत्र्याचं पोट बिघडतं म्हणून डॉक्टर त्यांच्यामागे.

हिशेबनीस

मूळ प्रश्नाकडे. काऊताई, व्यवसायाने सीए, म्हणून रुक्ष लिहितो.

तुम्ही स्वतःच्या खात्यावर ४९,४०० घेतलेत. यावेळी हिशेब पै-पैचा मांडलात म्हणून कोणी बोट दाखवणार नाही. सवय लावू नका. पुढच्या वेळी लोकांना सरळ दवाखान्याच्या खात्यावर भरायला सांगा, बिल नंबर टाकून. उरण्याचा प्रश्नच येत नाही.

संस्थेला द्यायचे असतील तर नोंदणी बघा, मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा. चांगली संस्था मागितल्यावर रागावत नाही. प्राप्तिकरात ८०जी ची सूट हवी असेल तर २,००० च्या वर रोख देऊ नका, सूट मिळत नाही. आणि नव्या करप्रणालीत असाल तर ती सूट मुळातच नाही, तेव्हा पावतीसाठी भांडू नका. पण मुख्य अडचण वेगळी: हे पैसे तुमचे नाहीत. ६३ जणांनी खारीच्या पायासाठी दिलेत. दुसरीकडे वळवायच्या आधी त्यांना विचारा. ग्रुपवर एक मेसेज, तीन दिवसांची मुदत, ज्यांना परत हवेत त्यांना परत.

बोरकूट

हे मला सुचलंच नव्हतं. मागच्या वर्षी मी एका ऑनलाइन आवाहनाला हजार रुपये दिले होते. पट्ट्या बांधलेलं पिल्लू. दोन महिन्यांनी तेच पिल्लू, त्याच पट्ट्या, गाव दुसरं आणि अपघात नवा. तेव्हापासून फोटो बघून पैसे देणं बंद. फोन करून दवाखान्याचं नाव विचारते. निम्मे लोक फोन ठेवतात.

लेस्टरची लेक

मी इथून दर महिन्याला थोडे पैसे पाठवू म्हणतेय पुण्यातल्या एखाद्या प्राणीसंस्थेला. दोन ठिकाणी विचारलं, एकीने सांगितलं चालेल, दुसरीने सांगितलं परदेशी पैसे घेता येत नाहीत. काय खरं?

बाकी इथे रस्त्यावर कुत्रं दिसतच नाही हो. सुटलेलं सापडलं तर कौन्सिल उचलतं, सात दिवस मालकाची वाट बघतं, मग संस्थेकडे. गरीब माणसांच्या प्राण्यांसाठी पीडीएसए नावाची धर्मादाय संस्था आहे, १९१७ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमध्ये मरिया डिकिन नावाच्या बाईंनी एका तळघरात दवाखाना काढला तिथून सुरुवात. मला तिथलं हे आवडलं की त्या गरिबाचं कुत्रं बघायच्या. आपल्याकडे बेकरीवाल्याची खारी त्याच जातीची.

हिशेबनीस

@लेस्टरची लेक, पासपोर्ट कुठला त्यावर आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर तुमच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. ब्रिटिश झाला असाल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगी. मग ज्या संस्थेकडे एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आहे तीच घेऊ शकते आणि तेही दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक शाखेतल्या खात्यात. दोन्ही संस्था आपापल्या जागी खरं बोलल्या असतील. भावाच्या खात्यावर पाठवून तिकडून वळवू नका, संस्था अडचणीत येते.

लेस्टरची लेक

पासपोर्ट अजून भारतीयच आहे. म्हणजे चालेल. थँक्यू!

पेडणेकार

गोंयचो अनुभव सांगतां. (मराठीत लिहितो, काळजी करू नका.)

आमच्या किनाऱ्यावरची कुत्री शॅकवाल्यांच्या जिवावर. मासे, उरलेला भात, पाहुणे तर हातातून भरवतात. पाऊस आला की शॅक मोडतात, पाहुणे जातात, कुत्री मात्र तिथेच. जूनमध्ये बरगड्या मोजता येतात. दरवर्षी कोण ना कोण परदेशी बाई विमानतळावर जाताना रडत मला पाचशेची नोट देते, "प्लीज लुक आफ्टर हिम." पाचशेत जून निघतो, जुलैचं काय?

पण लसीचं बोलायचं तर निर्विकारबाब बरोबर आहेत, आणि गोव्यात ते झालंय. मिशन रेबीज नावाची संस्था आणि सरकारने मिळून दरवर्षी घरोघर, किनारोकिनारी फिरून कुत्र्यांना लस टोचली. मोठं जाळं घेऊन मुलं येतात, झेलतात, टोचतात, रंगाचा पट्टा ओढतात आणि सोडतात, मिनिटभराचं काम. शाळांतून पोरांना शिकवलं. २०१८ पासून माणसांत रेबीजचा मृत्यू झाला नाही म्हणून २०२१ मध्ये सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर केलं. कुत्री न मारता. त्या जाळ्याचा फोटो टाकून वर्गणी मात्र जमत नाही. फोटोत रक्त नाही ना.

निर्विकार

हे मला माहीत नव्हतं. पुण्यात असं होईल तेव्हा वर्गणी माझ्याकडून घ्या, पावती नको.

गुलबकावली

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

रानजाई

सगळे भटक्यांवर बोलताय, टाकलेल्यांवर कोणी बोलेना. माझ्याकडे सध्या एक लॅब, म्हणजे लॅब्रेडॉर कुत्री आहे. खडकवासल्याच्या बाजूला रस्त्यालगत झाडाला बांधलेली सापडली, गळ्यात चांगल्या कंपनीचा पट्टा, शेजारी पाण्याचं भांडं आणि अर्धी पिशवी खाणं. म्हणजे टाकणाऱ्याने विचार करून टाकली. वय सात-आठ, दोन्ही कानांत जंतू, गोचिडांनी भरलेली, रक्तातल्या पेशी इतक्या उतरलेल्या की डॉक्टर आधी बोलेनात. गोचीडताप निघाला. डॉक्सीसायक्लिन महिनाभर, रक्त तपासण्या तीनदा. खर्च स्वतःच केला.

गावठी कुत्र्याला रस्ता कळतो. ही फुटपाथवर बसून प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे बघायची. दार उघडलं की आत चढायला जायची. कुणाचीही गाडी.

पोलिसांत जाऊ म्हटलं तर वकील मैत्रिणीने कायदा काढून दाखवला. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा, १९६० चा. उपाशी मरेल अशा अवस्थेत जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये.

टवाळ

मी विनोद करणार होतो पण पन्नास रुपयांवर काही सुचेना.

ढोर डॉक्टर

@रानजाई, आठवड्यातून एक तरी असं कुत्रं येतं. हस्की, सेंट बर्नार्ड, पुण्याच्या एप्रिलात. घेताना चाळीस हजार देतात, लुतीचं औषध दोन हजारांचं लिहिलं की पुढच्या वेळी येतच नाहीत.

आणखी एक अवघड गोष्ट लिहून टाकतो, कारण वर्गणी काढणाऱ्यांना ती कोणी सांगत नाही. सगळ्यांना वाचवायला जाऊ नका. कणा तुटलेलं, मागचा भाग ओढत चाललेलं, लघवीवर ताबा नसलेलं कुत्रं घेऊन लोक येतात, वीस हजार जमलेत, काहीही करा डॉक्टर. मी सांगतो, याला शांत मरण देऊ. लोक मला कसाई म्हणून निघून जातात. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे जे २०२३ चे नियम आहेत त्यांतसुद्धा असाध्य आजारी आणि मरणोन्मुख जखमी कुत्र्याला वेदनारहित मरण द्यायची मुभा आहे. ते इंजेक्शन देताना माझा हात अजून जड होतो, पण रस्त्यावर चार दिवस कावळ्यांच्या देखत मरण्यापेक्षा बरं.

उलट काही आजार दिसायला भयंकर आणि उपचाराला स्वस्त. कुत्रीच्या मागून रक्त ठिबकतंय, गाठ बाहेर आलीय, लोक नाक दाबून रस्ता बदलतात. टीव्हीटी म्हणतात तिला, जुगताना पसरते. व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन आठवड्याला एक, बहुतेकदा चार ते सहा आठवडे, आणि गाठ विरघळल्यासारखी जाते. औषध फारसं महाग नाही. महाग आहे ते तेच कुत्रं दर मंगळवारी पकडणं.

परळकर

यासाठीच कोपऱ्यावरचा बेकरीवाला हवा. कुत्रं कुठे झोपतं ते त्याला माहीत.

उसाचं पाचट

ते सुप्रीम कोर्टाचं काय झालं शेवटी? आमच्याकडे कोणी म्हणतं सगळी कुत्री उचलणार, कोणी म्हणतं खायला घालणाऱ्याला धरणार.

हिशेबनीस

थोडक्यात: २०२५ च्या ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी करा, लस टोचा, आणि जिथून उचललं तिथेच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून. खायला घालायचं ते पालिकेने नेमलेल्या जागी. नोव्हेंबरात पुन्हा आदेश, शाळा, इस्पितळं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनं इथली हलवा, परत तिथे सोडू नका.

रानजाई

हलवून ठेवणार कुठे, हा डॉक्टरांचा पहिल्या प्रतिसादातला प्रश्न. त्या लॅबसाठी जागा शोधताना मी तीन निवारे पाहिले. एकात चाळीसच्या जागी किती होती ते लिहीत नाही, तिथली मुलं जीव तोडून काम करतात.

काऊचं घर

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. उशीर झाला, पण आधी हिशेबनीसांचं ऐकलं.

ग्रुपवर विचारलं. ६३ पैकी दोघांनी परत मागितले, एकाचे १,००० आणि एकाचे ५००, दिले. एकजण म्हणाला उरलेल्या पैशात पार्टी करा, तो टेम्पोवाल्याचा भाऊ निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. बाकीच्यांनी लिहिलं, तुम्हीच ठरवा.

डॉक्टरांचा "ठेवायचं कुठे" डोक्यातून जाईना. म्हणून ६,८०० चा घडीचा पिंजरा घेतला. ४२ इंची, खाली सरकणारा ट्रे आहे, स्वच्छ करायला सोपा. दवाखान्यात सांगून ठेवलंय, ज्याच्याकडे पाय मोडलेलं कुत्रं असेल आणि जागा असेल त्याला सहा आठवड्यांसाठी द्यायचा, भाडं नाही, परत देताना डेटॉलने धुवून द्यायचा. पहिला पेशंट आलासुद्धा, वारज्याला गेलाय. पिंजऱ्याबरोबर सासूबाईंचे गुडघेही पाठवलेत, खारीला आता नकोत.

मग गल्लीतल्या नऊ कुत्र्यांना रेबीजची लस, प्रत्येकी २५०, म्हणजे २,२५०. रविवारी सकाळी बेकरीसमोर. डॉक्टर आले होते, पोरांनी खारी बिस्किटांचे तुकडे टाकून एकेकाला धरलं. सात सहज झाली, आठवीने तासभर पळवलं, नववा, काळ्या नावाचा, सेक्रेटरींच्या गाडीखाली जाऊन बसला. खाली उपडं होऊन त्याला बाहेर काढलं कुणी, तर स्वतः सेक्रेटरींनी. काही बोलले नाहीत, शर्ट झटकला आणि गेले.

खारीची नसबंदी महापालिकेच्या गाडीने झाली, फुकट. कानाला खाच आहे आता. ८५० उरलेत, ते बेकरीतल्या डब्यात, पुढच्या ड्रेसिंगला. वही काकांच्या गल्ल्यात ठेवलीय, कुणीही बघावी.

निर्विकार

नऊ. तारीख लिहून ठेवा, वर्षाने परत टोचावी लागते.

काऊचं घर

वहीच्या पहिल्या पानावर तीच लिहिलीय.

टवाळ

आठवीचं नाव काय ठेवलं?

काऊचं घर

पोरं तिला टोस्ट म्हणतात. मी वेगळं म्हणते, इथे लिहिण्यासारखं नाही.

रानजाई

काऊताई, वारज्याहून पिंजरा कधी मोकळा होतोय? माझ्या लॅबचा पुढचा डावा गुडघा सुजलाय, डॉक्टर म्हणतात तीन आठवडे हालचाल बंद. ४२ इंचात लॅब मावते का? उभी राहिली की डोकं लागेल असं वाटतंय.

ढोर डॉक्टर

मावते. डोकं लागलं तर वरची जाळी काढून चादर टाका. ट्रेखाली पोतं घाला, पाय घसरतो.